घामाची खतावणी

आमच्या वर्धा जिल्ह्यासाठी चालण्याचं काम दोन माणसांनी कायमचं उरकून ठेवलं आहे. पहिले गांधीजी. १९३० साली, साठी गाठलेली असताना, ते साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे २४० मैल पायी गेले. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही असं ठरवून बसल्यामुळे पुढे ते आमच्याकडे आले आणि १९३६ साली सेगावात राहू लागले. सेगावचं सेवाग्राम झालं, पण गांधीजींचं चालणं काही सुटलं नाही. दुसरे विनोबा. ते १९५१ साली पायी निघाले, भूदान मागत सुमारे तेरा वर्षं देश पालथा घातला आणि १९६४ साली पवनारला परत आले. जिल्ह्याच्या नावावर मैलांची एवढी मोठी ठेव जमा असताना पुढच्या पिढ्यांनी नुसतं व्याजावर बसून खावं, असं माझं मत होतं आणि आहे. मी बँकेत कारकून आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे आमच्या रक्तात असतं.

पण गेल्या काही वर्षांत जिल्ह्याला काय झालं कोण जाणे, जो तो धावत सुटला आहे. पहाटे पाचला सेवाग्रामच्या रस्त्यावर उभे राहा. (का उभं राहायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी दुधासाठी असतो.) अंधारातून धपधप आवाज येतो आणि माणसांच्या दोन जाती तुमच्यासमोरून जातात. पहिली जात चाळिशीतली. पायात दहा हजारांचे जोडे, मनगटावर बोलणारं घड्याळ, कमरेला पाण्याच्या दोन बाटल्या आणि चेहऱ्यावर कर्जाचा हप्ता थकल्यासारखी चिंता. दुसरी जात विशीतली. जोडे मोठ्या भावाचे, टी-शर्ट कुठल्यातरी गणेश मंडळाचा, घड्याळ नाहीच. डोळ्यांसमोर पोलीस भरती, नाहीतर सैन्य भरती. पहिली जात पोट कमी करायला धावते, दुसरी पोट भरायला. रस्ता मात्र एकच.

आमचे हेडकॅशियर पहिल्या जातीतले. तीन वर्षांपूर्वी त्यांची रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. आता, बँकेतल्या माणसाला अर्ध्या तासाचं काम सांगितलं की तो एक तर दोन तास लावतो, नाहीतर 'उद्या या' म्हणतो. साहेबांनी बँकिंगच्या इतिहासात प्रथमच तिसरा मार्ग काढला. चालायला सांगितलेलं असताना ते धावायला लागले. आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग 'हाफ'. मला आजवर हाफ म्हणजे चड्डी किंवा दुपारची रजा एवढंच ठाऊक होतं. एकवीस किलोमीटर धावून अर्धंच झालं असं म्हणणारी माणसं जगात असतात, हे मला साहेबांमुळे कळलं. सहा महिन्यांत साखर खाली आली, पोट आत गेलं आणि साहेब कॅश केबिनमध्ये शीळ घालू लागले. इथवर सगळं उत्तम होतं. इथं थांबले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

पण साहेबांनी फुल मॅरेथॉन मनावर घेतली. आठवड्याला नव्वद किलोमीटर धावणं आणि वजन वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण बंद. गाल बसले, कॉलर सैल झाली. नोटांचं बंडल तीन-तीनदा मोजायचे आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं यायचं. दुपारी दोनला डोळे मिटायचे आणि रात्री दोनला सताड उघडे. एप्रिल महिन्यात वर्ध्यात साहेबांना थंडी वाजायची! आमच्याकडे एप्रिलमध्ये फक्त फ्रीजमधल्या पाण्याला थंडी वाजते. सेलूकडचा एक म्हातारा शेतकरी पैसे काढायला आला होता. साहेबांकडे बघून कळवळला.

"साहेब, बरं नाही का तुमाले? काऊन असे वाळून राहिले?"

"नाही हो. बेचाळीस किलोमीटर धावतो मी."

म्हाताऱ्यानं नोटा धोतराच्या कनवटीला लावल्या, जरा वेळ विचार केला आणि खिडकीत वाकून हळूच विचारलं, "मांगं कोन लागलं हाय?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबांजवळ नव्हतं. खरं सांगायचं तर ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंजवळ होतं. साहेबांच्या सौभाग्यवतींनी एक दिवस आमच्या हिच्या कानात काही तक्रार सांगितली. हिनं मला त्यातली निम्मीच सांगितली. उरलेली निम्मी पुढे डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकायला मिळाली, पण ती वैद्यकीय भाषेत असल्यामुळे चारचौघांत ऐकता आली.

मी कॉमर्सचा पदवीधर. माझा आणि जीवशास्त्राचा संबंध बेडकाच्या आकृतीपाशी संपला, आणि ती आकृतीसुद्धा मित्रानं काढून दिली होती. पण डॉक्टरीणबाई समजावू लागल्या तशी माझी कळी खुलत गेली. कारण ही तर आमचीच बँक निघाली!

हार्मोन म्हणजे दुसरं तिसरं काही नसून परिपत्रक. १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या लंडनच्या शास्त्रज्ञानं हा शब्द चलनात आणला. ग्रीक भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ चेतवणं, कामाला लावणं. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. एखाद्या ग्रंथीतून हे परिपत्रक निघतं, रक्ताच्या टपालानं सगळ्या शाखांना जातं आणि ज्या शाखेत ते वाचू शकणारा कारकून बसलेला असेल तिथं त्याचा अंमल होतो. बाकीच्या शाखांत तो कागद तसाच पुढे सरकतो. आमच्या हेड ऑफिसची पद्धत हुबेहूब हीच आहे. फरक इतकाच की शरीरात कुठं ना कुठं अंमल होतो.

आता माणूस धावायला लागला की काय होतं? पहिलं परिपत्रक अ‍ॅड्रिनॅलिनचं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात, तिथून हे सुटतं. दारात इन्स्पेक्टरची गाडी दिसल्यावर शाखेत जी पळापळ होते, ती म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन. छाती धडधडते, चहा अर्धा राहतो, पोटाचं कामकाज तहकूब होतं आणि सगळं रक्त हातापायांकडे धावतं. दुसरीकडे इन्सुलिन कमी होतं. इन्सुलिन हा साखर जमा करून घेणारा कारकून. धावताना जमेची खिडकी अर्धी बंद आणि ग्लुकागॉन नावाचा गडी यकृताचं लॉकर उघडून साखर बाहेर काढतो. गंमत म्हणजे काम करणारा स्नायू इन्सुलिनचं टोकन न घेताच साखर आत ओढून घेतो. साखर काठावर आलेल्या माणसाला व्यायाम सांगतात तो यासाठी. साहेबांचे पहिले सहा महिने सुखाचे गेले ते याच कारणानं.

पण हातातली रोकड किती? यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंत चारशेच्या आसपास साठवलेली साखर. दमानं न धावणाऱ्याची ही रोकड तीस-बत्तीस किलोमीटरवर संपत येते. चरबीची ठेव असते मोठी, पण ती स्थावर मालमत्तेसारखी. आहे म्हणायला आहे, लगेच हातात येत नाही. अशा वेळी कॉर्टिसॉल पुढे होतं. तेही त्याच टोपीतलं. कॉर्टिसॉल म्हणजे ओव्हरड्राफ्ट मंजूर करणारा मॅनेजर. तो चरबी सोडवतो, यकृताला साखर बनवायला लावतो आणि त्यासाठी लागलं तर स्नायूंतली प्रथिनंही मोडतो. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदतठेव मोडावी तसं.

या कॉर्टिसॉलला लोक उगाच खलनायक करतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज पहाटे तुम्हाला अंथरुणातून उठवतं ते हेच. तेव्हा ते आपोआप वाढतं आणि रात्री उतरतं. धावताना वाढलं तरी विश्रांती आणि जेवण मिळालं की पुन्हा जागेवर येतं. मार्च एंडिंगला सगळी बँक रात्री उशिरापर्यंत जागते, त्यात काही वावगं नाही. वावगं तेव्हा, जेव्हा एखादा वर्षभर रोज मार्च एंडिंग करतो.

शिवाय किती जोर लावता यावर पुष्कळ अवलंबून असतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना अर्धा-अर्धा तास व्यायाम करायला लावला होता. ताकदीच्या साठ आणि ऐंशी टक्क्यांनी केला तेव्हा कॉर्टिसॉल वाढलं. चाळीस टक्क्यांनी केला तेव्हा वाढलं नाही, उलट जरा उतरलं. हे ऐकल्यावर मला आमच्या जिल्ह्यातल्या दोन्ही थोरांचं चालणं नव्यानं समजलं. बोलत बोलत, लोकांशी भेटत चालायचं. त्यात विनोबांना पोटाचा अल्सर, त्यामुळे दिवसभरात थोडं थोडं दूध-दही घ्यायचे. म्हणजे खर्च हळू आणि भरणा चालू. खातं तेरा वर्षं चाललं यात नवल नाही.

"मग धावताना एवढा आनंद कसा होतो?" साहेबांनी कळवळून विचारलं. प्रश्न योग्य होता, आणि त्याच्या उत्तराला तर आपल्याकडचंच नाव आहे. पूर्वी सगळं श्रेय एंडॉर्फिनला द्यायचे. म्हणजे शरीरानं घरच्या घरी काढलेली अफू. पण रक्तातल्या एंडॉर्फिनला मेंदूच्या दारातून सहज आत शिरता येत नाही. १९९२ साली जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी मेंदूत एक द्रव्य शोधलं. भांगेतल्या द्रव्याचा परिणाम ज्या कुलपात होतो त्याच कुलपाची ही घरची किल्ली. तिचं नाव त्यांनी चक्क संस्कृतातून घेतलं, आनंद, आणि पुढे रसायनाची शेपटी लावून केलं 'आनंदामाइड'. दमदार धावल्यावर रक्तात ते वाढलेलं आढळतं आणि मेंदूत शिरायला त्याला फारशी अडचण पडत नाही. म्हणजे साहेब पहाटे सेवाग्रामच्या रस्त्यावर होळीची भांग पिऊन येत होते, तीही सोवळ्यात. मॅनेजर ओव्हरड्राफ्ट देतोय आणि वरून बँकच मिठाई वाटतेय, मग खातं बुडतंय हे कळणार कसं?

पाण्याचंही असंच. साहेबांच्या कमरेच्या दोन बाटल्या मला नेहमी कौतुकाच्या वाटत. पण लांब धावण्याच्या ताणानं मेंदू पाणी रोखून धरण्याचं परिपत्रक काढतो आणि मूत्रपिंडं नळ बंद करतात. अशा वेळी तहान नसताना कोणी दिसेल त्या टेबलावर पाणी पीत सुटला तर रक्तातलं मीठ पातळ होतं. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. त्याच शर्यतीत एका तरुण धावणारीचा यातून जीवही गेला. आमच्या वर्ध्याच्या मे महिन्यात पाणी नको असं कोण म्हणेल? पण तहान नावाचा जुना, इमानी शिपाई शरीरानं दारात ठेवलेला आहे. त्याला विचारून प्यावं.

शेवटी साहेबांचा रक्ताचा रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाला पुरुषपण देणारं संप्रेरक, रकान्याच्या तळाशी. थोडा वेळ जोरात व्यायाम केला तर ते वाढतं. दोन-दोन तासांच्या वर चाललं की त्या दिवसापुरतं उतरतं. आणि वर्षानुवर्षं फार लांब धावणाऱ्या काही पुरुषांत ते कायमच खालच्या पातळीवर राहतं. एरवी ते उतरलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीनं वरून खरमरीत पत्र पाठवायला हवं. इथं तेही नाही. साहेबांच्या हेड ऑफिसनं शाखेची चौकशीच सोडून दिली होती. डॉक्टरीणबाईंनी धावणं निम्मं केलं, आठवड्यातून दोन दिवस सक्तीची सुट्टी दिली आणि रात्रीचं जेवण पुन्हा चालू केलं. औषध काय म्हणाल तर पहाटे निघण्याआधी गोरस भांडारचे दोन गोरसपाक. वर्धेकराला याहून गोड प्रिस्क्रिप्शन आजवर कोणी लिहून दिलेलं नाही. चार-पाच महिन्यांत साहेबांची बंडलं पुन्हा पहिल्याच मोजणीत जमू लागली आणि त्यांच्या सौभाग्यवती आमच्या हिच्या कानाशी लागेनाशा झाल्या.

साहेबांची गोष्ट एवढीच असती तर हसून सोडून देता आली असती. माणसाला बँकेचा पगार आहे, घरी फ्रीज भरलेला आहे, उपाशी राहण्याची हौस होती, ती फिटली. पण मी वर रस्त्यावरच्या दोन जाती सांगितल्या. दुसऱ्या जातीत माझी पुतणी आहे.

माझा थोरला भाऊ देवळीकडे शेती करतो. कापूस, तूर, सोयाबीन आणि दर वर्षी नवी काळजी. त्याची ही मुलगी पोलीस भरतीसाठी वर्ध्यात खोली करून राहते. खोलीत मुली तीन, डबे दोन. तिसऱ्या डब्याचे पैसे अभ्यासिकेच्या फीला जातात. भरतीत मुलींना आठशे मीटर धावायचं असतं, पण आठशेसाठी या मुली रोज दहा-बारा किलोमीटर पळतात, कारण शेजारची खोली दहा पळते. घरी राहा म्हटलं तर म्हणते, काका, ग्राउंड तुमच्याकडून लांब पडते. रविवारी मात्र जेवायला येते. एका रविवारी ती लंगडत आली. नडगी दुखत होती. आमच्या हिनं तेल लावता लावता स्वयंपाकघरात तिला काही विचारलं. बायकांनी आवाज खाली आणला की मधल्या खोलीतल्या पुरुषाला सगळं स्पष्ट ऐकू येतं.

"किती महिने?"

"सहा झाले, काकू. बरंच झालं ना! ग्राउंडच्या दिवशी कटकट नाही."

खोलीतल्या बाकीच्या दोघींपैकी एकीचंही तसंच होतं. आणि तिघींचाही समज असा की अंग कमावलं की असं होतंच, ही मेहनतीची पावतीच आहे.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. थायरॉइड बघितलं, बाकीची कारणं एकेक करून खोडली, नडगीचा फोटो काढला. हाडाला बारीक चीर होती. मग त्यांनी पोरीला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "बाळा, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खातेस, ते सांग." पोरगी सांगू लागली आणि माझ्या हातानं, सवयीनं, खिशातल्या स्लिपच्या पाठीवर जमा आणि नावे असे दोन रकाने ओढले.

जमा: चहा, दुपारी अडीच पोळ्या, भाजी, थोडं वरण. संध्याकाळी चहा-टोस्ट, रात्री उरलेलं वाटून. डॉक्टरीणबाईंनी अंदाज केला, पंधराशे कॅलरी. नावे: पन्नास किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला ढोबळमानानं पन्नास कॅलरी लागतात. बारा किलोमीटरचे सहाशे. उरले नऊशे. त्या नऊशेत हृदय चालवायचं, मेंदूनं भारताची राज्यघटना पाठ करायची, अंगाची ऊब राखायची, हाडं बांधायची. चरबी सोडून तिचं उरलेलं वजन चाळीस किलो. दर किलोमागे दिवसाला पंचेचाळीस कॅलरी उरल्या तर संसार सुरळीत चालतो. तीसच्या खाली उरल्या तर परिपत्रकांत घोटाळा सुरू होतो. नऊशेला चाळीसनं भागा. साडेबावीस.

हा तीसचा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातल्या अ‍ॅन लाउक्स या संशोधक बाईंनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पिट्युटरीतून स्त्रीबीजकोशाला ठरावीक वेळानं हार्मोनचे ठोके जात असतात. त्यांच्या २००३ सालच्या प्रयोगात, तीसच्या खाली गेलं तर पाच दिवसांत हे ठोके चुकू लागलेले दिसले. पाच दिवस! आमच्याकडे पाच दिवसांत एक सही मिळत नाही. पण मला अधिक पटला तो त्यांचा १९९८ सालचा प्रयोग. त्यांनी काही बायकांकडून भरपूर व्यायाम करवला पण तेवढं खाऊही घातलं. ठोके फारसे बिघडले नाहीत. त्यांच्याच आधीच्या कामात काहींना व्यायामाशिवाय नुसतं कमी खाऊ घातलं होतं, तेव्हा ठोके बिघडले होते. निष्कर्ष अगदी आमच्या धंद्यातला. दोष धावण्याचा नाही. दोष, धावण्याचं बिल कोणी भरलं नाही, याचा.

बिल थकलं की शरीर काय करतं? जे प्रत्येक बँक करते. तोट्यातल्या शाखा बंद. १९९४ साली शोधलेलं लेप्टिन नावाचं एक हार्मोन आहे. ते चरबीतून निघतं आणि मेंदूला रोजची शिल्लक कळवतं. शिल्लक घटली की मेंदू म्हणतो, सध्या वंश वाढवण्याची योजना स्थगित. पाळीची शाखा बंद होते. थायरॉइडचा दिवा मंद होतो म्हणून थंडी वाजते. इस्ट्रोजेन उतरतं, आणि हाडांच्या खात्यावर राखण करणारं तेच असल्यामुळे हाडं विरळ होऊ लागतात. हे खातं विचित्र आहे. त्यात भरणा मुख्यतः विशी-पंचविशीपर्यंतच घेतात, पुढे जन्मभर नुसतं काढायचं. वीस वर्षांच्या पोरीची सहा महिन्यांची पाळी चुकणं ही मेहनतीची पावती नव्हती. ती थकबाकीची नोटीस होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली याबद्दल सविस्तर निवेदन काढलं आणि त्यात पुरुष खेळाडूंनाही धरलं. म्हणजे आमचे साहेब आणि माझी पुतणी एकाच परिपत्रकात आले.

डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे धावणं बंद केलं आणि खाणं वाढवायला सांगितलं. दोन भाकरी जास्त, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, एक पेला दूध. इतकी वर्षं मी कर्जाचे अर्ज बघतोय, एवढ्या छोट्या रकमेचा अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. पण पोरगी खाली मान घालून म्हणाली, "डब्यातलं मी जास्त घेतलं तर त्या दोघींचं काय होईल?"

यावर माझ्या कॉमर्समध्ये उत्तर नव्हतं.

आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली सायकलवर एकट्यानं अमेरिका आडवी पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत. पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक, ९,१०० किलोमीटर. मला त्यांचं सायकल चालवण्याचं कौतुक आहेच, पण या लेखापुरतं मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अशा शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे एक गाडी चालते आणि त्या गाडीत बसलेल्या माणसांचं एक मोठं काम असतं ते त्याला रात्रंदिवस, थोड्या थोड्या वेळानं भरवत राहणं. जगात जिथं जिथं माणसं असलं अचाट काही करतात, तिथं मागे कोणीतरी डबा घेऊन उभं असतं. आमच्या घरांतली रीत उलटी. घरची बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते खाते, आणि लेक ते बघून शिकते. शहरात खोली केली तरी ती रीत तिच्या पेटीतून सोबत येते. पोरीच्या मागे गाडी नव्हती. दोन डबे होते, तिघींत.

पुढच्या आठवड्यात भाऊ कामासाठी वर्ध्याला आला. त्याला लेप्टिन, पिट्युटरी वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता, आणि पाळीचा विषय दोघा भावांत निघणं तर या जन्मी शक्य नाही. ते आमच्या हिनं वहिनीला फोनवर सांगितलं होतंच. मी आपला शेतीच्या वाटेनं गेलो.

"दादा, नांगरणी-वखरणीच्या दिवसांत बैलाले ढेप किती देतोस?"

"दुप्पट. अन् वरून सरकी."

"आणि पोरगी रोज बारा किलोमीटर धावते, तिला?"

भाऊ बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बैलाची गोष्ट वेगळी रायते."

"कशी काय?"

त्याला सांगता येईना. चहा पिऊन, फारसं न बोलता तो गेला. मला वाटलं, दुखावला. पण पुढच्या रविवारी सकाळी फाटकाशी ऑटो थांबला. भावानं ज्वारीचं पोतं उतरवलं, त्यावर शेंगदाण्याची थैली, गुळाची ढेप, आणि वहिनीनं फडक्यात बांधून दिलेले तिळाचे लाडू. पुतणी आत हिच्यासोबत पोळ्या लाटत होती. घाम पुसत भाऊ मला म्हणाला, "हे पोरीच्या नावानं जमा कर. तिच्या खोलीवर पोचवून दे."

मी सवयीनं विचारलं, "एकटीच्या नावानं की तिघींच्या?"

भावानं पोत्याकडे बघितलं, मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाला, "जेवढ्या धावतात तेवढ्याईच्या. कमी पडलं तं पुढच्या आठवड्यात आनखी आणतो."